वहिनीचा झोन

हात पुढे करून घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमच्या स्टोर्स खात्यात तर तेवढीच होती. पण हात मागे करून, मान सरळ समोर ठेवून, मागून काय येतंय याची जराही चौकशी न करता घेणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे आमची वहिनी. ओट्याशी उभी राहून ती भाजी परतत असायची आणि एकाएकी तिचा डावा हात मागे यायचा. तळवा वर, अंगठा बाहेर ताणलेला. त्या तळव्यात कुणीतरी मिठाचा डबा ठेवायचा असे. कुणीतरी म्हणजे त्या क्षणी स्वयंपाकघरात जो उभा असेल तो, मग तो पाहुणा का असेना. एकदा दादाचे साहेब जेवायला आले होते. ते पाणी पिऊन पेला ठेवायला आत गेले, तर समोर हा हात. साहेबांनी हाताकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि दुसरं काही न सुचून हातातला पेला त्यात ठेवला. वहिनीने तो तसाच कढईवर उपडा केला. तळाशी उरलेलं पाणी तापलेल्या तेलात पडलं आणि साहेब उडी मारून थेट बाहेरच्या खोलीत आले. "मोहरी मागितली होती," वहिनी म्हणाली, तेही मागे न पाहता.

हे समजायचं तर ती कोण होती ते सांगायला हवं. ती धावपटू होती. सकाळी कानटोपी घालून टाउनशिपच्या रस्त्यांवर फिरणारे लोक स्वतःला म्हणवतात तसली नव्हे, छातीवर देशाचं नाव लावून परदेशात पळून आलेली. शंभर मीटर आणि चार बाय शंभरची रिले. मूळची नागपूरची. शाळेत उशिरा आली म्हणून मास्तरांनी मैदानाला फेरी मारायची शिक्षा केली आणि ते हजेरी पुरी करून वर पाहतात तो ही पुन्हा समोर उभी. तिथून जिल्हा, मग राज्य, मग शिबिरं, मग विमान. खेळाडूंच्या कोट्यातून तिला भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात नोकरी मिळाली, आणि कारखान्याच्या अगाध न्यायाने देशातल्या सर्वांत वेगवान बायकांपैकी एकीला स्टोर्स खात्यात बसवण्यात आलं. आमचं स्टोर्स म्हणजे असं, की आज एखादा बोल्ट मागितला तर तो मागणाऱ्याचा मुलगा नोकरीला लागल्यावर मिळायचा. दादा तेव्हा साताऱ्याहून इथे इंजिनियर म्हणून नवाच आला होता. त्याची बोल्टांची मागणी स्टोर्समध्ये अडकली. तो रोज तिच्या टेबलाशी पाठपुरावा करायला जाऊ लागला आणि बोल्ट यायच्या आत लग्न ठरलं.

लग्न हबीबगंज स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये झालं. भटजी 'सावधान' म्हणाले की वहिनीची टाच जमिनीवरून उचलली जायची, हे मी पाटाशेजारी उभा राहून स्वतः पाहिलं आहे. प्रत्येक मंगलाष्टकाला ती सुटायच्या तयारीत आली आणि प्रत्येक वेळी तिने स्वतःला आवरलं. शेवटी अंतरपाट दूर झाला तेव्हा दादा अजून हाराची गाठ सोडवत होता, आणि त्याच्या गळ्यात हार घालून ती परत आपल्या जागी येऊनही उभी राहिली होती. फोटोग्राफरच्या हाती तो क्षण लागलाच नाही. अल्बममध्ये आहे तो गळ्यात हार पडलेला, तोंड उघडं राहिलेला एकटा दादा.

दादापाठोपाठ मीही भोपाळला आलो, त्याच्याच क्वार्टरमध्ये पथारी पसरली, आणि नापास होण्याचे सगळे प्रकार करून झाल्यावर परीक्षा पास होऊन त्याच स्टोर्समध्ये कारकून झालो. घरी वहिनी, ऑफिसातही वहिनीच. ती मला दोन्हीकडे 'भाऊजी' म्हणे, त्यामुळे अख्खं खातं मला भाऊजी म्हणू लागलं. साहेबसुद्धा दारातून ओरडायचे, "अरे, वो भाऊजी कहाँ सो रहे हैं, देखो ज़रा." माझं खरं नाव त्या इमारतीत फक्त हजेरीपुरतं उरलं.

तर रिलेचं असं असतं, की चौघींत एक काठी. पहिलीने दुसरीला द्यायची, दुसरीने तिसरीला, तिसरीने चौथीला. वहिनी कायम तिसरी. वळणावर पळायचं, काठी घ्यायची आणि द्यायची. ही देवघेव जमिनीवर आखलेल्या ठरावीक पट्ट्यातच झाली पाहिजे. त्याला म्हणतात झोन. एक बोटभर जरी काठी झोनबाहेर गेली तरी सगळा संघ बाद. आणि घेणारीने मागे वळून पाहायचं नाही. मागची 'हात' म्हणून ओरडते, पुढची पळता पळता हात मागे करते, आणि काठी येईल असं धरून चालते. एवढे नियम पाठ झाले की माणूस आमच्या घरी राहायला लायक ठरे. कारण स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक चिंचोळा बोळ होता, आणि शेजारच्या बायका दारात रांगोळीची कमळं काढत तेव्हा वहिनी त्या बोळात दोन आडव्या रेघा ओढायची. घराचा झोन. चहा, डबा, वर्तमानपत्र, काय द्यायचं घ्यायचं ते या दोन रेघांच्या आत. एकदा दादा घाईत बूट घालत पुढची रेघ ओलांडून गेला आणि तिथूनच त्याने हात केला.

"डबा दे गं."

"बाद," वहिनी म्हणाली.

"अगं, एक पाऊल तर पुढे आलोय."

"पंच काय तुमचे मामा लागतात? बाद म्हणजे बाद."

दादा त्या दिवशी कँटीनचे समोसे खाऊन आला आणि डबा मी संपवला. मी त्या घरात जन्मभर रेघेच्या आतच घुटमळलो. शिस्त वगैरे काही नाही. त्या घरातला चहा फार चांगला असे.

तिच्याबद्दल लोकांचे पुष्कळ गैरसमज होते. धावपटू म्हणजे ही सोनागिरीच्या बाजारात पळत जाऊन पळत येत असेल, असं टाउनशिपमध्ये सगळ्यांना वाटे. वहिनी कोपऱ्यावरच्या डेअरीलासुद्धा स्कूटरवर जायची. "ते लांब पल्ल्याचं काम आहे, माझं नाही," ती म्हणे. चालण्याला तर ती व्यायाम मानायलाच तयार नव्हती. आणि परदेश पाहिलेली बाई म्हणून महिला मंडळाने एकदा तिचं भाषण ठेवलं, विषय 'मी पाहिलेलं जग'. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "कोलंबोचं वळण जरा उतरतं आहे. जकार्ताचं चांगलं आहे. दिल्लीचं सकाळी ओलं राहते." आणि बसली. जग म्हणजे तिच्या लेखी ठिकठिकाणची वळणं. कुणीतरी काकुळतीला येऊन विचारलं, खरेदी काय केली? "मोजे," ती म्हणाली. अध्यक्षबाईंनी आभार मानले तेव्हा चहाचं पाणीसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

त्या भाषणात एक गाव मात्र तिने गाळलं. घरीही ती त्याचं नाव घेत नसे, नुसतं 'ते गाव' म्हणे. काय झालं ते मला दादाने सांगितलं. तिथल्या मोठ्या शर्यतीत, अंतिम फेरीत, चौथ्या टप्प्याची पोरगी घाबरून वेळेआधी सुटली. मागून वहिनी 'हात, हात' ओरडतेय आणि ती पुढे पळतेय. काठी पोचली ती झोनची रेघ ओलांडून. पोरगी मात्र अशी पळाली की संघ दुसरा आला. चौघींनी झेंडा अंगावर घेतला, मैदानाला चक्कर मारायला निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत एका पंचाने येऊन त्यांना हळूच बाजूला घेतलं. झेंड्याची घडी वहिनीनेच घातली म्हणे. पुढल्या वर्षी तिचा गुडघा गेला आणि शिबिरातून नाव गेलं. त्या पोरीला तिने कधी बोल लावला नाही. "पोट्टी होती हो, घाबरली," एवढंच. पण देशासाठी दिलेली शेवटची काठी रेघेबाहेर गेली, ते काही तिच्या मनातून जाईना. गुडघा बरा झाल्यावर कारखान्याच्या वार्षिक खेळांत ती दर वर्षी स्टोर्सकडून पळायची ती त्यासाठीच. तिला एकदा, चौथ्या गड्याच्या हातात, रेघेच्या आत, नीट काठी द्यायची होती. शील्डचं तिला काही नव्हतं. साहेब दर वर्षी गळ घालायचे, "मैडम, आप लास्ट में दौड़िए, शील्ड अपनी पक्की." वहिनी म्हणायची, "सर, आखरीवाला सिर्फ दौड़ता है. मुझे देना भी है."

आणि स्टोर्सचा चौथा गडी म्हणजे दर वर्षी एकेक नग. एकाने मूठ उघडलीच नाही. एकाने काठी घेतली आणि सवयीप्रमाणे 'कल आना' म्हणून खाली ठेवली, असं लोक सांगतात. मी त्याची जबाबदारी घेत नाही. एका वर्षी तो नग मी होतो. वहिनी वाघासारखी वळण घेऊन आली, 'हात' म्हणाली, आणि मी हात मागे करायच्या ऐवजी काय आहे बघू म्हणून पूर्ण वळलो. पुढचं मला फारसं आठवत नाही. आम्ही दोघं आणि शेजारच्या पट्ट्यातला अकाउंट्सचा एक निरपराध माणूस, असे तिघे एकावर एक पडलो होतो, आणि काठी सर्वांत खाली होती. त्यानंतर अकाउंट्सने वर्षभर माझे सगळे कागद परत पाठवले.

म्हणून तिच्या रिटायरमेंटच्या वर्षी, शेवटच्या खेळांच्या आधी, ती चहा देता देता म्हणाली, "भाऊजी, यंदा चौथे तुम्ही," तेव्हा मी कप खाली ठेवला.

"मी? वहिनी, मागच्या वेळचं आठवतं ना?"

"म्हणून तर. पडून झालं तुमचं. आता नवीन काय कराल?"

तोवर मलाही क्वार्टर, बायको आणि पोट मिळालेलं होतं. क्वार्टर दादाच्या मागच्याच रांगेत घेतलं होतं, चहाच्या अंतरावर. बायको म्हणाली, "घरी पाणी हातात द्यावं लागतं आणि हे मैदानावर पळणार." पण मी पळालो. सगळी थंडी पळालो. त्याहून कठीण होतं ते घरातलं शिक्षण. रोज संध्याकाळी बोळात पाठ करून उभं राहायचं, 'हात' ऐकलं की हात मागे, आणि वहिनी त्यात जे ठेवील ते मुकाट घ्यायचं. तव्यावरची पोळी. ओली मेथीची जुडी. फेसाने माखलेला दादाचा दाढीचा ब्रश. एकदा मऊ, गरम आणि हलणारं काहीतरी हातात आलं आणि मी किंचाळलो. शेजाऱ्यांच्या कोंबडीचं पिल्लू होतं ते. मान वळली की सगळं पहिल्यापासून. "मागं काय आहे ते पाहणं माझं काम आहे, भाऊजी," ती म्हणायची. "तुम्ही काहून काळजी करून राहिले? समोर पाहा." महिन्याभरात मी इतका तयार झालो की ऑफिसात कुणी मागून हाक मारली तरी मी हात मागे करायचो, आणि लोक त्यात आपली कामं ठेवून जायचे.

शर्यतीच्या सकाळी वहिनीने झोनच्या अलीकडे चुन्याच्या फक्कीने माझ्यासाठी खूण आखली. ती खुणेवर आली की मी सुटायचं, मग पाहायचं नाही. खूण किती लांब आखायची हे मागून येणाऱ्याच्या वेगावर ठरतं. वेग जास्त तर खूण लांब. टाचेला बोट, बोटाला टाच लावत वहिनी मागे मागे जात राहिली. दादा दोरीपलीकडून म्हणाला, "जरा जवळ घे." ती म्हणाली, "मला माहीत आहे मी किती पळते." सरावात ती कधी पूर्ण वेगाने पळाली नव्हती, गुडघ्यापायी. मीही नव्हतो, स्वभावापायी. त्यामुळे दादा सोडून कुणालाच शंका आली नाही.

शर्यत सुरू झाली. आमच्या पहिल्या दोघांनी कमाल केली आणि वहिनीच्या हातात काठी आली तेव्हा स्टोर्स चक्क पहिलं होतं. लाउडस्पीकरवरच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "स्टोर्स आगे है. मैं फिर से बोल रहा हूँ, स्टोर्स आगे है." वहिनी वळणात शिरली. दुरून पाहिलं तर तीच ती, जुन्या फोटोतली, खांदे सैल, हनुवटी खाली. ती खुणेवर आली आणि मी सुटलो.

मी इतका चांगला आयुष्यात कशालाच सुटलो नव्हतो. हात मागे तयार, कान मागे. 'हात' येईना. दोन पट्टे पलीकडचे गडी काठ्या घेऊन निघालेसुद्धा. मागून वहिनीची पावलं ऐकू येत होती, पण जवळ येण्याच्या ऐवजी ती लांब लांब पडत होती, आणि त्यांतलं एक पाऊल जड पडत होतं. तेव्हा कुठे मला खुणेचं कोडं उलगडलं. ती खूण साठीला आलेल्या वहिनीची नव्हतीच. जकार्ताच्या वळणावर पळणाऱ्या पोरीची होती.

तेवढ्यात समोर पांढरी रेघ आली. झोनची शेवटची. आणि माझे पाय थांबले.

लोक नंतर म्हणाले, भाऊजींनी काय प्रसंगावधान दाखवलं. कसलं काय. इतकी वर्षं त्या बोळात काढलेल्या माणसाचे पाय पांढरी रेघ दिसली की आपोआप थांबतात. पुढे गेलं की चहा बाद. मी रेघेच्या आत उभा राहिलो, हात मागे, तळवा वर, मान समोर. फोर्ज शॉप गेलं. कँटीन गेलं. अकाउंट्सचा माणूस माझ्याकडे पाहत, लांबून वळसा घालून गेला. लाउडस्पीकर म्हणाला, "और स्टोर्स खड़ा है. भाइयो, स्टोर्स की पुरानी आदत है, माल मिलने में देर लगती है." अख्खं मैदान हसलं. समोर दोरीपाशी दादा उभा होता, त्याचं तोंड लग्नाच्या फोटोतल्यासारखं उघडं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या मागे पाहत होता. मला वळून पाहायची इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली. मी पाहिलं नाही.

मग अगदी जवळून, धाप लागलेल्या आवाजात आलं, "हात."

होताच. काठी तळव्यात पडली, नीट, अंगठ्याच्या बेचक्यात, जशी पुस्तकात पडते तशी. मी पळालो. शेवटचा आलो, आणि बऱ्याच फरकाने. "लीजिए," लाउडस्पीकर म्हणाला, "स्टोर्स का माल भी पहुँच गया."

काठी घेऊन मी मागे आलो तेव्हा वहिनी झोनच्या कडेला गवतावर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. शील्ड कुठे चाललीय इकडे तिचं लक्षच नव्हतं. ती रेघेपाशी उभ्या असलेल्या पंचाकडे पाहत होती. त्याच्या हातात पांढरं निशाण होतं.

"आत होती," ती म्हणाली. "मी विचारून घेतलं त्याले. चांगली हातभर आत."

"वहिनी, आपण शेवटचे आलो."

"हो ना बाप्पा. कोणीतरी येतेच." मग तिने बुटाची नाडी सोडली, परत बांधली, आणि खालीच पाहत म्हणाली, "तुम्ही वळून नाही पाहिलं, भाऊजी."

"तूच सांगितलं होतंस."

"पाहिलं असतं तर मी कशी येत होते ते दिसलं असतं." ती हसली. "बरं केलं."

मी तिला उठायला हात दिला. समोरून. तिने तो घेतला, आणि तिने समोरून काही घेतल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

आता दादा-वहिनी नागपूरला असतात. त्यांना सोडायला हबीबगंजला गेलो होतो. स्टेशनचं नाव आता दुसरं आहे, माझ्या तोंडात ते बसत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वहिनी हातात काठी घेऊन चालते, आणि चालण्याला व्यायाम मानावं लागतं म्हणून चिडते. फोनवर म्हणाली, "ही काठी कोणाले द्यायची नाही, भाऊजी, तेवढंच वाईट वाटते."

त्यांच्या क्वार्टरमध्ये नवं कुटुंब आलंय. त्यांच्या दारात मोर असतो रांगोळीचा. मी सकाळी उठतो आणि पुष्कळदा, झोपेतच, आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाठ करून उभा राहतो, हात मागे. बायको पहिल्यांदा हसायची, मग चिडायची, मग म्हणायची, टेबलावर ठेवलाय, डोळे उघडा. परवा मात्र मागून तिची पावलं आली, आणि गरम कप अलगद माझ्या तळव्यात बसला.

मी वळून पाहिलं नाही.